चांगली वस्ती, चांगली शाळा

१

घर घेताना माणूस काय पाहतो, या प्रश्नाला साहित्यसमीक्षेत जागा असावी असे कुणाला वाटत नाही. तो दलालाचा आणि बँकेच्या हप्त्याचा प्रश्न मानला जातो. पण ज्या साहित्याने गावकुसाबाहेरचे घर आणि वर्गातली शेवटची जागा या दोन ठिकाणांहून सगळ्या समाजव्यवस्थेकडे पाहिले, त्या साहित्याच्या वाचकावर आता घर विकत घेण्याची वेळ आली आहे. त्याच्या हातात पगार आहे, कर्ज मिळण्याची पत आहे आणि शाळेत घालायचे मूल आहे. हा वाचक कोणत्या निकषाने घर निवडतो, हे तपासणे मला आपल्या समीक्षेचेच काम वाटते. तपासण्यासाठी दुसरा कुणी शोधत बसलो नाही. हा वाचक मीच आहे.

मी भातसानगरला वाढलो. वडील धरणाच्या वसाहतीत चौकीदार होते. आता तालुक्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवतो. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल, म्हणून गेले वर्षभर वासिंद, आसनगाव, शहापूर या पट्ट्यात घर पाहत हिंडतो आहे. कसाऱ्याची लोकल आणि नाशिकचा महामार्ग होताच. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भाताच्या खाचरांत रंगीत फलक उभे राहिले. त्या फलकांच्या आणि पुस्तिकांच्या भाषेचा मी साहित्याचा शिक्षक म्हणून अभ्यास केला. 'सुसंस्कृत शेजार', 'निवडक कुटुंबांसाठी', 'नामांकित शाळा पाच मिनिटांवर' ही त्यातली नेहमीची शब्दयोजना. एका ठिकाणी प्रकल्पाच्या कमानीपासून दोनशे पावलांवर जिल्हा परिषदेची शाळा होती. पुस्तिकेच्या नकाशात ती नव्हती. तिच्यामागचा कातकऱ्यांचा पाडाही नव्हता; त्या जागी हिरवा रंग भरलेला होता. जे नकाशात नाही तेही मजकुराचाच भाग असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. 'सुसंस्कृत शेजार' या दोन शब्दांचा अर्थ त्या हिरव्या रंगात होता.

तिथल्या दलालाने पाणी पुढे केले आणि विचारले, ''सर, आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कोणतं?'' मी सांगितले. तो अजिबात उद्धट झाला नाही. म्हणाला, ''मग सर, तुम्हाला पलीकडचा प्रोजेक्ट बरा पडेल. तिकडे तुमची बरीच मंडळी आहेत.'' घरी येताना माझे डोके तापले होते. रात्री वही काढली. प्रत्येक जागेपुढे मी भाव, पाणी, स्टेशन, शाळा, आजूबाजू असे रकाने आखले होते. त्याच प्रकल्पापुढे 'आजूबाजू' या रकान्यात लिहिले होते : 'पाडा जवळ. शाळेत सगळी तिकडची मुले. नको.' अक्षर माझेच होते. दलालाने मला ज्या मापाने मोजले, त्याच मापाने मी त्या पाड्याला आधीच मोजून ठेवले होते. या लेखाचे कारण ती ओळ आहे.

२

आपल्या साहित्यात घर आणि शाळा हे दोन वेगळे विषय कधीच नव्हते. बाबासाहेबांच्या 'व्हिसाची प्रतीक्षा' या आत्मपर लेखनात साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट आहे. शाळेच्या गड्याने ते शिवायचे नाही, म्हणून मुलाने रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळायचे नाही. त्याच लेखनात १९१७ चे बडोदे आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेला संस्थानचा अधिकारी, राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येतात. हे दोन्ही प्रसंग आपण वेगवेगळे वाचतो; एक बालपणाचा, दुसरा तरुणपणाचा. एकत्र वाचले तर दिसते की शाळेत कुठे बसायचे आणि गावात कुठे राहायचे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी ठरत होते. वर्गातली पदवी ते उत्तर बदलू शकली नाही.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो आणि खोलीसाठी जात लपवतो. आपल्या समीक्षेने या कथेतला विद्रोह वाखाणला, भाषेचा आवेग वाखाणला, आणि ते योग्यच झाले. पण कथेचा सांगाडा भाड्याच्या खोलीचा आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. पगार देणाऱ्या रेल्वेला नायकाची जात चालते. छप्पर देणाऱ्या शेजाराला चालत नाही. नोकरीचे जग आणि शेजाराचे जग यांतली ही फट बागुलांनी साठ वर्षांपूर्वी दाखवली. मला पाणी पुढे करणारा दलाल त्याच फटीत बसून धंदा करतो आहे.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) या विषयाची तिसरी बाजू सापडते. वडील मास्तर होते. मुले शिकावीत म्हणून त्यांनी रत्नागिरीला घर केले. म्हणजे शाळा पाहून घर निवडणारा बाप आपल्या साहित्यात आधीच होऊन गेला आहे. पण घर शाळेजवळ नेल्याने प्रश्न सुटला नाही. वर्गात लेकीला शेण काढायला लावले गेले, नकार दिला तेव्हा मार बसला. मग ओट्यावर आयदाने विणत बसलेल्या विधवा आईने रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बापाने जागा निवडली. शाळा सुधारण्याचे काम आईच्या त्या जाबाने केले. घर निवडणे हे अर्धेच काम असते, हे ज्ञान या पुस्तकात आहे.

आपण या पुस्तकांना वेदनेचे दस्तऐवज म्हटले आणि तिथेच थांबलो. वेदनेबरोबर त्यांत ठिकाणांचे नेमके ज्ञानही आहे : पाणवठा कुठे, शाळेची पायरी कुठे, कोणत्या वाटेने जायला बंदी, कोणत्या दारात किती वेळ उभे राहायचे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यातली ये-जा आहे. एखाद्या समाजशास्त्रज्ञाने वस्तीचे सर्वेक्षण करावे इतक्या बारकाईने ती नोंदलेली आहे. वस्तीची पारख कशी करावी याचे एवढे मोठे भांडवल हाताशी असताना, घर घेण्याच्या वेळी आपण दलालाचे मोजमाप का वापरतो?

३

कारण हे मोजमाप दलालाने निर्माण केलेले नाही. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला उभी राहिली, ती सारस्वतांची. सहकाराच्या दृष्टीने ते मोठे पाऊल होते यात वाद नाही. पण आपल्याकडे 'सोसायटी' नावाची गोष्ट जन्मली तीच जातीच्या पाळण्यात. पुढे २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखणारी उपविधीतली अट ग्राह्य धरली. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. उपविधीच्या कलमांत शेजार निवडण्याची मुभा शिल्लक राहिली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पण महारवाड्याचे भीमनगर झाले म्हणून पत्ता ऐकणाऱ्याचा कान बदलत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. वस्ती सोडणे हा गुन्हा आहे काय? बाबासाहेबांनी परळची बी.आय.टी. चाळ सोडून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ग्रंथांसाठी, अभ्यासासाठी त्यांना जागा हवी होती. खेड्याला तर त्यांनी कधी गोंजारले नाही. दलितांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत ही मागणी १९४२ च्या नागपूर परिषदेत झाली आणि १९४७ च्या त्यांच्या निवेदनातही ती आली. ज्याने वस्तीची घाण, गर्दी आणि अपमान भोगला त्याला वस्तीतच राहण्याचा उपदेश करणारा माणूस बहुधा बंगल्यात राहत असतो. वस्तीचे कौतुक करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण राजगृह बांधणाऱ्या त्याच माणसाने १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. स्वतःचे घर चाळीतून बाहेर नेले आणि चाळीतल्या मुलांसाठी शाळेचे दार आणखी मोठे केले. आपण पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा सोडला. बेबी कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) शिकलेल्यांबद्दल जी खंत मांडली, तिचा रोख इथेच आहे. त्या पुस्तकावर मी दोन वेळा व्याख्यान दिले आहे आणि दोन्ही वेळा 'शिकलेले' म्हणजे दुसरे कुणीतरी असे समजून दिले आहे.

४

आता भातसानगरविषयी. कोणत्याही धरणाच्या वसाहतीसारखीच ही वसाहत : साहेबांचे बंगले वर, कारकुनांच्या खोल्या मध्ये, वर्ग चारची क्वार्टर्स खाली. घर जातीवर नव्हे तर वेतनश्रेणीवर मिळायचे. श्रेणी आणि जात बहुतेक वेळा एकाच रांगेत उभ्या असायच्या हे खरे, पण आमच्या बापाला घर मागताना आडनावाचा खुलासा करावा लागला नाही. सरकारी चावीचा हा उपकार मी विसरलेलो नाही.

आमच्या शाळेत सुरुवातीला साहेबाचा मुलगा आणि चौकीदाराचा मुलगा एका पट्टीवर बसत. मग साहेबांची मुले गाडीने शहापूरला जाऊ लागली. त्यांच्या मागून कारकुनांची गेली. मी चौथीत असताना वर्गात उरलो ते आम्ही खालच्या क्वार्टर्सचे आणि पाड्यांवरून चालत येणारी ठाकूर-कातकऱ्यांची मुले. गुरुजी तेच होते. फळा तोच होता. पाढेही तेच. पण वसाहतीत लोक म्हणू लागले, ''शाळा बिघडली.'' काय बिघडले हे मला तेव्हा कळले नाही. आता कळते की शाळेत बसणारे बदलले होते. 'चांगली शाळा' या शब्दाचा प्रचलित अर्थ मी तिथे शिकलो आणि वीस-पंचवीस वर्षांनी वहीत उतरवला.

याच तालुक्यावर मुंबई तहान भागवते. तानसा १८९२ पासून आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांपैकी एकट्या भातसाची ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी. आणि उन्हाळा आला की शहापूरच्या गावपाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे शिक्षणाबद्दल मांडले होते : महसूल रयतेचा आणि खर्च वरच्यांच्या विद्येवर. शाळेचेही आज तसेच चालले आहे. वस्तीतला मिळवता, बोलका, अर्ज लिहू शकणारा पालक आपले मूल काढून नेतो. पट घसरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. गाडी असलेल्याला त्याचे काही वाटणार नाही. पाड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून जावे लागले तर तिची शाळा तिथेच संपेल. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे जे अंतर ठरवले, ते त्या पोरीच्या पायांसाठी ठरवले आहे.

त्याच २००९ च्या कायद्याने खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. या दुरुस्तीचा अर्थ नीट पाहावा. जी सरकारी शाळा पुस्तिकेच्या नकाशात दाखवायलाही कुणी तयार नव्हते, तीच शाळा गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेच्या दारात अडवण्यासाठी मात्र एकदम जवळची आणि पुरेशी ठरली.

५

मग एका सकाळी मी नकाशाबाहेरच्या त्या शाळेत गेलो. अर्धा दिवस बसलो. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यांतल्या एका बाई पहिली-दुसरी एकत्र घेत होत्या. मुले गोष्टीचे पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचत होती. एक कातकऱ्याची मुलगी अडखळली तेव्हा शेजारच्या मुलाने बोट ठेवून दाखवले. खिचडी सगळ्यांना एका ओळीत वाढली. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते, कारण टाकीत पाणी नव्हते. दुसरे गुरुजी कसलीशी माहिती भरण्यात दुपारपर्यंत गुंतलेले होते. म्हणजे शाळा आदर्श नव्हती, आणि मी वहीत लिहिली होती तशीही नव्हती. तिच्यात जे उणे होते ते पाणी, माणूसबळ आणि जाब विचारणारा पालक, या तीन गोष्टींचे होते. मुलांचे उणे मला दिसले नाही.

घरी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, ''अहो, लेख तुम्ही जरूर लिहा. पण तुमच्या लेखाचा प्रयोग माझ्या पोरीवर नको. तिला इंग्रजी कोण शिकवणार तेवढं सांगा.'' तिचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. इंग्रजीची भूक आपल्या समाजाला उगाच लागलेली नाही. त्या दारातून शिरूनच आपण इथवर आलो. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ''घर बघताना पाणी कुठून येतं नि आधी कोण भरतं ते बघ. बाकी समदं मागनं कळतं.'' शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने एका वाक्यात जो निकष सांगितला, तो माझ्या वहीच्या पाच रकान्यांत नव्हता.

त्या निकषावरून मी नवे रकाने आखले आहेत. घर पाहणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देतो. शाळेत मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष किती. प्राथमिकला तीस मुलांमागे एक हे प्रमाण पाळले आहे का. हे शाळेच्या यू-डायस नोंदीत पाहता येते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया आहेत का, आणि पाड्यावरची एक तरी बाई सभेत बोलते का. पोषण आहार कोण शिजवते, पंगत कशी बसते. मुलींच्या स्वच्छतागृहाची चावी कुणाकडे असते. हे सारे खाजगी शाळेलाही विचारावे. तिथे २५ टक्क्यांतली मुले वर्गात कुठे बसवली जातात हेही पाहावे. आणि जमिनीचा सातबारा वाचावा. आदिवासीची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे बंधन आहे. १९५८ च्या कायद्याने खालसा झालेल्या महारवतनाची असेल तर तिच्या विक्रीलाही अटी आहेत. आपल्या मुलाचा झोपाळा कुणाच्या बुडालेल्या हक्कावर टांगला आहे, हे विकत घेण्याआधी कळलेले बरे.

लेखक मित्रांनाही एक सांगायचे आहे. आपल्या आत्मकथनांचा नायक बहुधा नोकरी लागेपर्यंत आपल्याबरोबर चालतो. त्यानंतर तो सोसायटीच्या जिन्यात दिसेनासा होतो. तिथे तो नामफलकावर आडनाव लावतो की नाही, बाबासाहेबांची तसबीर हॉलमध्ये लावतो की आतल्या खोलीत, गच्चीवरून दिसणाऱ्या पाड्याकडे पाहून मुलाला काय सांगतो, हे अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते लिहिताना दुसऱ्याने केलेला अपमान लिहिण्यापेक्षा जास्त धैर्य लागेल. कारण त्या कथेत हातात फूटपट्टी आपल्याच असेल.

घर अजून घेतलेले नाही. त्या कमानीतले घेणार नाही एवढे ठरले आहे. शाळेचे ठरायचे आहे. पत्नी येत्या सोमवारी त्या बाईंच्या वर्गात बसायला येणार आहे, आणि निर्णय तिचाही असेल. मुलगी कुठेही गेली तरी घराजवळच्या सरकारी शाळेच्या टाकीत पाणी का नाही, याचा अर्ज मी पंचायत समितीला लिहिला आहे. वहीतली ती जुनी ओळ मात्र खोडलेली नाही. विद्यार्थ्यांना 'जेव्हा मी जात चोरली होती' शिकवायची असते तेव्हा ती वही मी वर्गात घेऊन जातो.